एकही चुणी नसलेली गादी

२३ मे, बुधवार

काल बायकोचा तेरावा झाला. आज शेड उघडली.

शाळेच्या बसच्या सीटा तशाच पडून होत्या, बावीस. तीन केल्या. जुनं रेग्झीन सोललं, फोमचा सडलेला भाग चौकोनी कापून काढला, तिथे नवा तुकडा डकवला. नवं रेग्झीन पत्र्यावर उन्हात टाकलं. तापून मऊ झालं की ओढायचं आणि ठोकायचं; गार होताना ते आपोआप आणखी आवळतं. हात चालले. डोक्याचं काही काम पडलं नाही. दुपारी कालच्या उरलेल्या पुऱ्या आणि लाल भोपळा. केस काढल्यामुळे डोक्याला वारा लागतो.

काल पंडित हरिशंकर महाराजांना सोनमतीचं सगळं दिलं. खाट, गादी, छत्री, ताट-वाटी, चपला. चपलांचे तळ झिजलेले नव्हते, दोन वर्षांत ती चाललीच नव्हती. शेवटी चाकाची खुर्ची, मी बनवलेल्या सीटसकट. महाराज म्हणाले, "ज्यावर बसली, ज्यावर निजली, ते घरात राहू नये. तिला तिथं लागेल." खुर्ची त्यांच्या व्हॅनमध्ये मीच चढवली. सीट उन्हात चमकत होती. मागे कोणीतरी बाई म्हणाली, काय काम आहे, एक चुणी नाही.

मला बरं वाटलं. तिच्या तेराव्याला माझ्या कामाची तारीफ ऐकून मला बरं वाटलं. लिहून ठेवतो.

२४ मे, गुरुवार

शालेश्नी सकाळच्या विमानानं गेली. इथून सुव्हा, तिथून ऑकलंड. विमानतळावर म्हणाली, "पापा, जेवत जा." मी म्हटलं, जेवतो. घरी येऊन भात टाकला. दोघांचा झाला.

चार सीटा.

२७ मे, रविवार

फरीद आला. नंगोनाची पुडी घेऊन. वीस वर्षांपूर्वी माझ्याकडेच शिकला, आता बसस्टँडमागे त्याची स्वतःची शेड आहे, माझ्यापेक्षा मोठी. तरी अजून उस्ताद म्हणतो.

परातीत ती मुळाची भुकटी पाण्यात कालवता कालवता म्हणाला, "उस्ताद, बसवाला विचारत होता, तुमचे उस्ताद आहेत की गेले? म्हटलं आहेत, फक्त डोक्याचं कव्हर काढलंय, नवीन बसवायचंय."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा असेल. दोन वाट्या प्यायलो, जीभ बधिर झाली.

मग तो म्हणाला, "भौजीच्या सीटचा फोटो मी शेडमध्ये लावलाय. गिऱ्हाईक आलं की दाखवतो. म्हणतो, हे माझ्या उस्तादाचं काम. ह्याच्यावर नाणं टाकलं तर उडून हातात येतं."

खरंच उडायचं. बनवली त्या दिवशी मीच टाकून दाखवलं होतं. सोनमती बघत होती. उजव्या हातानं तिनं ते नाणं झेललं.

३० मे, बुधवार

आकानिसी आली होती. आमच्या भागाची नर्स. चार महिने रोज सकाळी येऊन तिनं सोनमतीची जखम धुतली, माकडहाडावरची; तीच चिघळून ती गेली. आज ड्रेसिंगचा डबा परत न्यायला आली आणि वहीवर माझी सही हवी होती. आमच्यातली नसली तरी आमची बोली ती आमच्यापेक्षा चांगली बोलते; ह्याच गावात वाढली.

सही करेपर्यंत बसच्या सीटवर टेकली. लगेच उठली. सीटवर मूठ दाबली. पुन्हा दाबली.

"काका, हे सगळं असंच घट्ट असतं?"

म्हटलं, असावंच लागतं. ढिलं राहिलं तर महिन्यात चुण्या पडतात, चुणीत पाणी शिरतं, फोम सडतो.

"काकीची सीटही अशीच होती?"

म्हटलं, ह्याहून चांगली. चार इंची जड फोम, वर उत्तम रेग्झीन, कडेला दुहेरी पायपिंग.

तिनं मूठ काढून घेतली. मग म्हणाली, "मी ती कधी उघडी पाहिलीच नाही. मी यायचे तेव्हा काकी खाटेवर. खुर्चीवर चादर. मी विचारलं होतं, सीट मऊ आहे ना? तुम्ही म्हणालात चार इंच फोम आहे."

"होताच."

"फोम होता काका. पण वरचं कातडं ढोलासारखं ताणलेलं असलं की माणूस फोमवर बसतच नाही. कातड्यावर बसतो. फोम दबणार कसा? सगळा भार बुडाच्या हाडांवर. तुम्ही-मी हलतो, बूड उचलतो, आपल्याला कळतं. काकीच्या डाव्या अंगाला कुठं कळत होतं?"

मग तिला उमगलं ती काय बोलली ते. डबा उचलला. म्हणाली, "साखर होती. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. अशा माणसाला कशानंही जखम होते काका. एकाच गोष्टीनं नसते होत."

मी सही केली होती. वही तिला दिली.

३१ मे, गुरुवार

काम केलं नाही.

१ जून, शुक्रवार

करून पाहिलं.

त्याच फोमचे दोन तुकडे कापले, त्याच मापाचे, खाली फळी. एकावर रेग्झीन नेहमीसारखं, तापवून, ओढून. दुसऱ्यावर दोन बोटं ढिलं, मागे खेचलं नाही, नुसतं अडकवलं. मग हाताची बोटं बुडाखाली घेऊन एकेकावर बसलो. घड्याळ लावून दहा दहा मिनिटं.

ढिल्यावर बोटं फोममध्ये रुतली. जड वाटलं, दुखलं नाही.

ताणलेल्यावर चौथ्या मिनिटाला बोटं काढावीशी वाटली. काढली नाहीत. दहा मिनिटांनी पांढरी पडली होती आणि हाडाचा खड्डा दोन बोटांवर बराच वेळ राहिला.

ती सकाळी आठ ते दुपारी बारा बसायची. मग तीन ते सहा. मीच बसवायचो. बाहेर ओसरीत, म्हणजे येणारी-जाणारी माणसं दिसतील आणि सीट त्यांना दिसेल.

२ जून, शनिवार

पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "ही गादी मला वर ढकलते."

मी म्हटलं, नवा फोम आहे, बसेल.

नंतर एकदा म्हणाली, "जुनी उशीच टाक ना खाली." मी म्हटलं, एवढी सीट बनवली आणि उशी टाकू? लोक काय म्हणतील, सीटवाल्याच्या बायकोला उशी लागते?

त्यानंतर ती काही म्हणाली नाही.

चौतीस वर्षं मी रेग्झीन ओढतो आहे. बस, लॉऱ्या, न्हाव्याच्या खुर्च्या, दवाखान्याचं बाक, चर्चमधली गुडघे टेकायची फळी. कुणी सीट परत आणली नाही. हे काम मला येतं असं मी समजत होतो. ज्यांना मी सीटा बनवल्या ती सगळी उठून जाणारी माणसं होती.

४ जून, सोमवार

दोरा घ्यायला गावात गेलो. मिलचं गाळप सुरू झालंय, उसाच्या लॉऱ्यांची रांग पुलापर्यंत. दुकानात पंडित महाराज भेटले. माझा हात धरून म्हणाले, "शिवचरणभाई, तुमच्या घरचं दान फळाला आलं. अम्मा दिवसभर त्याच खुर्चीत. आधी प्लॅस्टिकच्या खुर्चीत दोन उशा घालून बसायची, घसरायची. आता राणीसारखी बसते. येणाऱ्या प्रत्येकाला सीट दाखवते."

महाराजांची आई. आम्ही सगळे आजी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. गेल्या वर्षी तिलाही झटका आला. डावीच बाजू.

मी म्हटलं, "बरं."

दोरा घ्यायचा विसरलो.

५ जून, मंगळवार

दान परत मागता येत नाही. मेलेल्याच्या नावानं दिलेलं तर नाहीच. मागितलं तर तिच्या तोंडचं काढून घेतलं असं होतं.

आणि मागायचं तर कारण सांगावं लागेल.

६ जून, बुधवार

दोन सीटा केल्या. दोन्ही उसवल्या. पुन्हा केल्या.

७ जून, गुरुवार

शालेश्नीचा फोन. आवाज असा का येतोय म्हणाली. सर्दी आहे म्हटलं.

तिला सांगणार होतो. तिनं विचारलं, "मम्मीची सीट महाराजांकडे वापरात आहे ना? किती सुंदर केली होती तुम्ही." मग सांगितलं नाही.

९ जून, शनिवार

गेलो. हत्यारांची पिशवी, पातळ मऊ फोमचा एक थर आणि रेग्झीनचा मोठा तुकडा घेऊन. बुलीलेकाच्या बसनं, महाराजांच्या घरी.

महाराजांना म्हटलं, सीटची एक शिवण कच्ची राहिलीय असं आठवलं, रात्रंदिवस मनात येतं, दुरुस्त करून देतो. खोटं. त्यांना ते आवडलं. पण खुर्ची घरी नेऊ देईनात. "गेलेल्याची वस्तू परत त्या उंबऱ्यात नेऊ नये. इथंच करा, ओसरीत."

म्हणून आजीच्या समोरच बसून केलं. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं होतं. तोंड अखंड चालू.

"शिवचरण, तुझ्या बापाला मी चड्डीत पाहिलंय. उसाच्या शेतातून येऊन माझे पेरू चोरायचा."

"हो आजी."

"तूही चोर आहेस का? चांगली सीट उसवतोयस ती?"

"शिवण कच्ची आहे आजी."

"मला तर काही कच्चं दिसत नाही. डोळे बघ माझे, सुईत दोरा ओवते अजून. एका हातानं."

पिना काढल्या. रेग्झीन उचललं तसा फोम फुगून वर आला, दोन बोटं. इतके दिवस दाबून धरला होता तो. वर मऊ थर टाकला, नवं रेग्झीन ढिलं अडकवलं. हात ऐकेनात. प्रत्येक कडेला हात आपोआप खेचायचा, मग मी सोडायचो, पुन्हा ठोकायचो. मध्ये चुण्या पडल्या. मी त्या तशाच ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

आजीनं पाहिलं. "हे काय रे? माझ्या गालासारखं केलंस."

महाराजांची सून दारात उभी होती, हसायला लागली. मग माझ्याकडे पाहून थांबली.

म्हटलं, "आता असंच करतात आजी. नवीन पद्धत."

"अग बाई," आजी सुनेला म्हणाली, "बायको गेली आणि हात पण गेला बिचाऱ्याचा." हळू बोलली असं तिला वाटलं.

महाराजांनी बसपर्यंत सोडलं. वाटेत म्हणाले, "सावकाश घ्या शिवचरणभाई. शोकात होतं असं." मी मान हलवली. सांगायला तेवढाच वेळ होता, आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सांगितलं नाही. सीट तर ठीक झाली आहे, असं स्वतःला म्हटलं. सांगून काय होणार.

१३ जून, बुधवार

बसवाला आला होता. तयार सीटांवर एकेक करून हात फिरवला. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. "ठीक आहेत," म्हणाला. "काय आहे, लोक बोलत होते." काय बोलत होते ते विचारलं नाही. बुलीलेका ते मिल, बातमीला बस लागत नाही.

बोलू देत. एवढ्यावर सुटतोय.

१७ जून, रविवार

फरीद आला. आज नंगोना नव्हता, मासळी आणली होती, केळीच्या पानात. बसल्या बसल्या म्हणाला, "उस्ताद, एक काम केलंय, रागावू नका."

म्हटलं, बोल.

"गावात तुमच्याबद्दल ऐकलं. उस्तादाचा हात गेला, पंडिताच्या आईची सीट पोत्यासारखी केली. मी एकाशी भांडलोसुद्धा. मग म्हटलं, स्वतः बघू. बुधवारी गेलो. खरंच, उस्ताद." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुमचं मन ठिकाणावर नाही, माहीत आहे मला. मी तिथंच बसून सगळं काढलं. वरचा मऊ थर काढून टाकला, रेग्झीन त्यांच्या पत्र्यावर तापवलं, आणि ओढलं. माझ्या बापासाठी ओढलं नसतं असं. नाणं टाकून दाखवलं आजीला. म्हटलं, हे उस्तादांनीच सांगून पाठवलंय. तुमचं नाव राहिलं."

बुधवारी. आज रविवार. चार दिवस.

त्याला वाटलं मी रडतोय ते त्याच्या प्रेमानं. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला.  त्याला काय सांगू? आणि सांगितलं तर ते त्याच्या हातालाही लागणार.

रविवारी बुलीलेकाला बस नाही. फरीदची व्हॅन दारात उभी होती. मागितली नाही.

१८ जून, सोमवार

सकाळी पहिल्या बसनं गेलो.

महाराजांच्या ओसरीत चार माणसं होती, लग्नाचा मुहूर्त काढायला आलेली. त्यांच्यासमोरच आजी खुर्चीत बसलेली. राणीसारखी. रेग्झीन लाल, ताठ, चकचकीत. चांगलं काम होतं. माझ्याकडून शिकलेलं.

महाराज म्हणाले, या शिवचरणभाई, बसा, हे झालं की बोलू.

मी उभाच राहिलो. म्हटलं, "आजीला त्या सीटवरून उठवा."

सगळे बघायला लागले.

मी म्हटलं, ह्या सीटनं सोनमतीला जखम झाली. मी ती फार ताणून बनवली होती. नर्सनं सांगितलं, मी स्वतः करून पाहिलं. म्हणून त्या दिवशी येऊन ढिली केली. शिवणीचं खोटं सांगितलं. फरीदला माहीत नव्हतं, त्यानं माझं नाव राखायला पुन्हा ताणली. मी त्याला पाठवलं नव्हतं.

आयुष्यात एका दमात इतकं बोललो नसेन.

आजी म्हणाली, "मला तर काही दुखत नाही."

म्हटलं, "म्हणूनच, आजी."

महाराजांनी सुनेला खूण केली. तिनं आणि मुहूर्ताला आलेल्या बाईनं आजीला उचलून आत नेलं. आम्ही बाहेर.  कोंबड्या ओसरीत शिरत होत्या, कोणी हाकलल्या नाहीत.

सून बाहेर आली. तोंडावर पदर धरलेला. तळहाताएवढं लाल झालंय म्हणाली, मधे शेंगदाण्याएवढी साल गेलीय. ओलं आहे.

महाराजांनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तीस मेपासून."

ते बोटांवर मोजायला लागले. मुहूर्त मोजतात तसे. एकोणीसवर थांबले.

"एकोणीस दिवस तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही गप्प होतात."

"हो."

"दुकानात मी तुमचा हात धरला होता."

"हो महाराज."

"आणि बसपर्यंत सोडायला आलो तेव्हा?"

 एवढं बोलून ते आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग आतून आजीचा आवाज आला, खाटेवरून. "गेला का तो? गेला नसेल तर म्हणावं, फाड ती सीट. तुझ्याच हातानं फाड. परत न्यायची नाही, माझ्या घरात ठेवायची नाही."

अंगणात नेऊन फाडली. सुरीचं पातं नवं होतं, एकाच ओढीत रेग्झीन उघडलं, आवाज झाला. फोमचे तुकडे केले. कोंबड्या ते दाणे समजून टोचायला लागल्या. मुहूर्ताची माणसं बघत होती. मी फळीपर्यंत सगळं मोकळं केलं, पिना एकेक उचलून खिशात टाकल्या, कोंबडीच्या पोटात जाऊ नयेत म्हणून, आणि चालत गावात आलो. बसमध्ये बसावंसं वाटलं नाही.

१९ जून, मंगळवार

आकानिसीला क्लिनिकवर गाठून सांगितलं. ती तडक गेली. संध्याकाळी येताना शेडपाशी थांबली. "वेळेत कळलं. कुशीवर निजवून ठेवायचं, तीन आठवडे, दर दोन तासांनी कूस बदलायची. चिघळलं नाही तर भरून येईल." मग म्हणाली, "एक दिवस आधी कळलं असतं तर सालही गेली नसती."

ती खरं तेच बोलते. मला तिचा राग येत नाही.

२१ जून, गुरुवार

फरीद आला. आत आला नाही, शेडच्या दारात उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंत?"

म्हटलं, लाज वाटली.

"रविवारी मी इथंच बसलो होतो. तुमच्या खांद्यावर हात ठेवून. तेव्हा?"

"तेव्हाही."

"मी ओढलं ते, उस्ताद. माझ्या हातानं. म्हातारीला नाणं उडवून दाखवलं." त्यानं दोन्ही हात पुढे केले, जणू मी ते तपासणार होतो. "गावात आता म्हणतात, एकानं बायको मारली, दुसरा पंडिताची आई मारायला निघाला होता. माझी पोरं शाळेत जातात ह्या गावात."

मी म्हटलं, चूक माझी आहे, सगळ्यांना तसंच सांगितलंय.

"सांगितलंत. सगळ्यांना सांगितलंत. मला सोडून." फोटो काढून टाकला म्हणाला. आणि गेला. जाताना उस्ताद म्हणाला नाही.

२२ जून, शुक्रवार

शालेश्नीला फोन करून सांगितलं.  मागे तिच्या ऑफिसात माणसं बोलत होती. मग ती म्हणाली, "मम्मीनं मला सांगितलं होतं, सीट टोचते. मी म्हटलं, पापांना सांग. ती म्हणाली, सांगितलंय."

फोन ठेवला नाही दोघांनीही. तसाच बंद पडला.

२६ जून, मंगळवार

महाराजांकडून निरोप, सुनेच्या भावाकरवी: अम्मा म्हणते, दुसरी सीट शिवचरणनंच करायची. महाराज स्वतः काही म्हणाले नाहीत.

केली. आकानिसी शेजारी उभी राहून सांगत होती. खाली कडक फोम, वर मऊ, माकडहाडाखाली जागा कोरून काढलेली. वर रेग्झीन नाहीच, ताणणारं कापड, तेही सैल. हात खेचायला लागला की ती म्हणायची, "काका." मी सोडायचो. सात वेळा म्हणाली.

दिसायला वाईट झाली आहे. तिनं मूठ दाबली, मूठ आत गेली. म्हणाली, "ही बरोबर."

मी कापडावरून हात फिरवला. ह्या हातानं दोन वर्षांपूर्वी अशी केली असती तर. पुढे लिहीत नाही.

२८ जून, गुरुवार

शेवटच्या चार बससीटा दिल्या. बसवाल्यानं दुसरी बस पाठवली नाही. फरीदच्या शेडसमोर उभी दिसली. बरं झालं.

२ जुलै, सोमवार

दिवसभर शेडमध्येच. उसाच्या लॉरीची ड्रायव्हर सीट, फोम पार चुरा झालेला. उकाड्यामुळे अनवाणीच काम केलं. संध्याकाळी नळावर पाय धुवायला बसलो तर डाव्या टाचेत स्टेपलची पिन, दोन्ही टोकं मुळापर्यंत आत. भोवती रक्त वाळून काळं झालेलं. सकाळपासून तिच्यावर चालत होतो. अंगठ्यानं जोरात दाबून पाहिलं. काही कळलं नाही. सोनमतीची साखर अशीच उघडकीला आली होती, स्वयंपाकघरात पाय निखाऱ्यावर पडला आणि वास आला तेव्हा तिनं खाली पाहिलं.

पक्कडीनं पिन ओढून काढली. टाच साबणानं धुतली. मग दुसरा पाय उजेडात धरून पाहिला.